रेडिओतून निघालेली पुडी

“बघून घ्या साहेब,” म्हणत म्हाताऱ्या दुकानदाराने कागदी पुडी काउंटरवर उघडली.

आत रेडिओतून निघालेले जुने भाग होते. दोन फुगलेले कंडेन्सर, एक जळका दिवा, वायरचा तुकडा. नवरा एकेक भाग बोटाने बाजूला सारत होता. त्याच्या दुसऱ्या मुठीत बायकोचं कोपर होतं. त्या पुडीत आणखी एक वस्तू असू नये, एवढंच तिला हवं होतं.

चाळीस वर्षं जुन्या गाडीचा हा रेडिओ म्हणजे नवऱ्याचा जीव की प्राण. बायकोला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायची मुभा नव्हती, रेडिओ मात्र वर्षभरात तीन दुकानं हिंडून आला होता. एकाने आतले मूळ भाग लंपास केले. दुसऱ्याने बटणं बदलली. तिसऱ्याने नुसती धूळ पुसून परत दिला. “विश्वासाचा एक माणूस मिळेल तर शपथ!” म्हणत नवरा थयथयाट करायचा, आणि तो राग शेवटी कुणावर निघायचा हे वेगळं सांगायला नको.

हे चौथं दुकान तिनेच सुचवलं होतं. नवऱ्याच्या मित्राचं बोलणं तिच्या कानावर पडलं होतं. हा म्हातारा म्हणे जळका दिवासुद्धा टाकून देत नाही, आतून जे निघेल ते पुडीत बांधून मालकाच्या हातात देतो. जळक्या दिव्याला एवढं जपणारा माणूस कुणाची चिठ्ठी कचऱ्यात टाकणार नाही, असं तिला वाटलं.

रेडिओ दुकानात जायच्या दिवशी, नवरा आंघोळीला गेल्यावर, तिने गाडीतून काढून घरात आणलेल्या रेडिओच्या झाकणाचे चार स्क्रू सुरीच्या टोकाने काढले. घडी घातलेली चिठ्ठी आत खोचली. ‘मला घरात कोंडून ठेवलंय. मारतात. पोलिसांना कळवा. नवऱ्याला सांगू नका.’ खाली पत्ता. परत बसवताना एक स्क्रू घरंगळत कपाटाखाली गेला, तेव्हा तिचा जीव जायचाच बाकी होता.

काल दुकानातून फोन आला. नवरा गॅलरीत जाऊन बराच वेळ बोलला. आत आला तो खुशीतच.

“रेडिओ झाला. उद्या तूही चल,” तो म्हणाला.

आठ महिन्यांत पहिल्यांदा. आज सकाळी एकटाच जाऊन तो गाडीत पेट्रोलही भरून आला होता.

पुडी तळापर्यंत बघून झाली. चिठ्ठी नव्हती. तिचा जीव भांड्यात पडला.

“आतून निघालेलं सगळं मिळालं ना साहेब?” दुकानदाराने विचारलं.

“सगळं मिळालं,” नवरा म्हणाला.

मग दुकानदाराने पहिल्यांदाच तिच्याकडे पाहिलं. चष्म्याआडचे डोळे ओलावले होते. “ताई, घाबरू नका हं. सगळं ठीक होईल.”

त्याने वाचलं होतं! तिला रडू फुटणार होतं. तिने ओठ घट्ट मिटून घेतले आणि नुसती मान हलवली.

दुकानदाराने रेडिओ गाडीत बसवून दिला आणि गाडी निघाली. रेडिओवर कुणीतरी बातम्या वाचत होतं, आवाज कसा खणखणीत. ती बाजूच्या आरशात बघत राहिली. मागून पोलिसांची गाडी येईल. आत्ता नाही तर घरी पोचल्यावर येईल. चारच वळणं राहिली होती. तीन. दोन.

सिग्नलला गाडी थांबली. नवऱ्याने शर्टाच्या खिशातून एक कागद काढला आणि अलगद तिच्या मांडीवर ठेवला. घडी तिच्याच हातची होती.

“माणूस खरंच विश्वासाचा निघाला,” तो म्हणाला. “तुझ्या डोक्यावर परिणाम झालाय म्हटल्यावर किती हळहळला बिचारा!”