खोडल्याची वेळ

"डिलीट केल्यानंतर या डिस्कवर आणखी काही टाकलंत?" दुरुस्तीवालीने विचारलं.

"फोटो," काकू म्हणाल्या. "नातीचे. बारा टाकले आणि मग लक्षात आलं. घाबरून तारच उपटली."

"उपटलीत ते बरं केलंत."

तरी काकूंच्या जिवात जीव आला नाही. काल दुपारी फोटोंना जागा हवी म्हणून त्यांनी एक फोल्डर उडवलं होतं. नाव नुसतं आकड्यांचं, वाटलं असेल काहीतरी जुनंपानं. त्यात नवऱ्याचा आवाज होता. स्वरयंत्र काढायचं ठरल्यावर ऑपरेशनच्या आधी तीन आठवडे रोज बसून त्यांनी सोळाशे वाक्यं वाचून ठेवली होती. त्यांवरून एक यंत्र तयार व्हायचं होतं, त्यांच्याच आवाजात बोलणारं. दुसरी प्रत आज करू, उद्या करू म्हणता म्हणता राहून गेली होती.

नवरा शेजारच्याच खुर्चीत होता. चाळीस वर्षं पोरांना पोहायला शिकवलेला माणूस. सगळे त्यांना कोच म्हणायचे. तलावाच्या या टोकाला ओरडले की त्या टोकाच्या पोराचे पाय सरळ व्हायचे. आता गळ्याभोवती रुमाल आणि मांडीवर पाटी. काल काकू रडायला लागल्या तेव्हा त्यांनी पाटीवर लिहिलं होतं, 'डिस्क गेली. मी नाही.'

दुरुस्तीवालीने आधी डिस्कची हुबेहूब प्रत काढली, मूळ डिस्क खणात ठेवून दिली आणि प्रतीवर काम सुरू केलं. पडद्यावर ना चित्रं, ना बटणं. काळ्यावर पांढरी अक्षरं. तिने एक ओळ टाइप केली आणि आकड्यांची रांग सरसर खाली धावली.

"ही खोडलेल्यांची यादी," ती म्हणाली. "फाइल खोडली तरी ती लगेच पुसली जात नाही, काकू. नोंदीत नुसता शेरा पडतो, की हिची जागा मोकळी समजा. तुमची डिस्क जुन्या घडणीची आहे. कुठली फाइल कुठे ठेवली ते आकडे तिने अजून सोडलेले नाहीत."

"मग येईल परत?"

"एक हाताने करून बघू."

तिने एक नोंद उघडली आणि रकाने मोठ्याने वाचायला लागली. "आकार, ठीक. खोडल्याची वेळ, काल दुपारी दोन वाजून दहा मिनिटं."

काकूंनी मान खाली घातली.

"ही करायची शून्य. म्हणजे कधी खोडलीच नव्हती." बोटं चालत होती. "हिच्याकडे बोट दाखवणारं एकही नाव उरलं नाहीये, त्या रकान्यात शून्याऐवजी एक टाकू. आणि जागा भरलेली आहे म्हणून सांगू, नाहीतर दुसरं कुणीतरी येऊन बसेल. नाव मात्र गेलं. काय ठेवू?"

"काहीही ठेवा हो," काकू म्हणाल्या. "लावा आधी."

"उद्या सकाळी मला लवकर निघायचे आहे," स्पीकर म्हणाला.

कोचचा आवाज. सावकाश, स्पष्ट, एकेक शब्द सुटा. काकूंनी टेबलाची कड घट्ट धरली. कोच ताठ बसले, कान देऊन पुन्हा एकदा ऐकलं आणि पाटीवर लिहिलं, 'मी असा बोलायचो?'

बाकीच्यांसाठी दुरुस्तीवालीने हेच सगळे बदल एकदाच लिहून संगणकाला रांगेने करायला लावले. तासाभराने आकडा आला. पंधराशे छप्पन्न. चव्वेचाळीस वाक्यं नातीच्या फोटोंखाली कायमची गेली होती. तिने आवाज तयार करणाऱ्यांना फोन लावला, हं हं केलं आणि फोन ठेवला. "पंधराशेच्या वर आहेत ना, म्हणाले. पुरे."

काकूंनी पैसे द्यायला पर्स उघडली.

"हे काय आहे पण?" दुरुस्तीवाली पडद्याकडे वाकली. "आणखी एकोणचाळीस आहेत. या कालच्या नाहीत. मार्चमध्ये खोडल्यात, एकेक करून."

कोचनी घाईघाईने मान हलवली आणि पाटी पुढे केली. 'चुकलेली. मीच खोडली. राहू देत.'

"बरं, मग राहू देते."

"थांबा," काकू म्हणाल्या. "एक लावून बघा."

पुन्हा वेळ शून्य झाली. स्पीकरमध्ये खरखर झाली.

"मला पोहता येत... हे मी म्हणणार नाही! कुणी लिहिलीत ही वाक्यं? चाळीस वर्षं पाण्यात काढली मी. अगं, हसतेस काय? तू तिकडे तोंड कर बघू. तू हसलीस की माझं होतं वाटोळं. आणि ती खिडकी लाव, शेजारचा कुत्रा मघापासून माझ्या मागून म्हणतोय!"

मग खुर्ची सरकली आणि दोघंही हसत सुटले, कितीतरी वेळ.

दुकानात खुर्चीवर कोचही हसत होते. आवाज नव्हता, नुसते खांदे गदगदा हलत होते.

"सगळ्या आणा," काकू म्हणाल्या.

"यंत्राला स्वच्छ वाक्यं लागतात, काकू. या तर सगळ्या चुका."

"विचारून तरी बघा त्या आवाजवाल्यांना. नुसत्या त्या वाक्यांवर यंत्र केलं तर घरात दिवसभर बातम्या लागतील. माझ्यावर खेकसायचं कुणी?"

दुरुस्तीवाली हसली आणि पुढच्या नोंदीवर गेली. थोड्या वेळाने दुसरी फाइल सुरू झाली, पण फारच बारीक, पलीकडच्या खोलीतून आल्यासारखी. काकू कान पुढे करून बसल्या.

कोचनी पाटी खाली ठेवली, हात लांब केला आणि आवाज वाढवला.