शास्त्रीय कारण लिहा

प्रांजलीची उत्तरपत्रिका चौगुले बाईंनी तपासायला सगळ्यांत शेवटी ठेवली होती. दुसऱ्या प्रश्नाला पोरीने काय लिहिलं असेल, याची त्यांना धास्तीच वाटत होती.

‘उकळत्या पाण्यापेक्षा वाफेने जास्त भाजते. शास्त्रीय कारण लिहा.’ दोन गुणांचा, दरवर्षीचाच प्रश्न. पेपर छापायला गेला तेव्हा प्रांजलीचे वडील साखर कारखान्यात बॉयलरवर कामाला जात होते. पुढच्याच आठवड्यात वाफेचा पाइप फुटला आणि ते गेले. बाई सांत्वनाला गेल्या, तर तिची आई पुन्हा पुन्हा एकच विचारत होती, “लई भाजलं असंल का हो बाई त्यांना?”

बाईंनी तिचा हात हातात घेतला. “पाणी नव्हतं हो ते, नुसती वाफ होती. फार त्रास झाला नसेल त्यांना.” ते ऐकून ती माउली पहिल्यांदाच जरा शांत झाली. प्रांजली शेजारीच भिंतीला टेकून बसली होती.

आता तिचं उत्तर समोर होतं. ‘वाफेचे पाणी होताना दर ग्रॅममागे ५४० कॅलरी अप्रकट उष्मा बाहेर पडतो. तो सगळा कातडीत शिरतो. मग ते उकळते पाणी पुन्हा भाजते.’ एकही चूक नव्हती. बाईंनी दोनपैकी दोन दिले. पान उलटणार, तोच खाली पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलेलं दिसलं.

‘बाई, हे मी आईला सांगितलेलं नाही. तुम्हीपण सांगू नका.’