तोतया

भालचंद्ररावांनी वाढलेलं ताट मालनने झाकून बाजूला सारलं.

"नवरा आल्याशिवाय मी जेवत नाही."

नवरा समोरच उभा होता. पण मेंदूचं दुखणं सुरू झाल्यापासून तिच्या लेखी तो तोतया होता, हुबेहूब नवऱ्यासारखा दिसणारा कुणी परका. फोनवरचा आवाज तेवढा तिला पटायचा. मुकाट्याने जिन्यात जाऊन त्यांनी तिला फोन लावला.

"मला उशीर होईल, तू जेवून घे."

हेच वाक्य वीस वर्षं त्यांनी दुसऱ्या बाईच्या घरातून ऐकवलं होतं.

"बरं. तो माणूस हल्ली दिवसभर घरातच असतो. पोळ्या लाटतो, माझ्या गोळ्या देतो, पाय चेपतो."

"अगं मालन, तो मीच आहे."

"काहीतरीच. त्यावरूनच तर ओळखलं मी, ते तुम्ही नव्हेत."