ड्रायव्हरच्या बाजूचा कोपरा

दसऱ्याच्या सकाळी कुंदाने पांढरी गाडी धुतली, मऊ फडक्याने कोरडी केली आणि गोल गोल हात फिरवत वॅक्स चढवलं. गाडी आरशासारखी चमकू लागली. नवरा गेल्यापासून ती एकटीच गाडी चालवायची. सासूबाईंना दवाखान्यात न्यायचीही तीच.

तेवढ्यात सासूबाई झेंडूचा हार घेऊन अंगणात आल्या. मागोमाग पूजेचं ताट घेऊन थोरली जाऊ.

"कुंदा, तू जरा मागे हो," सासूबाई म्हणाल्या. "पूजेला सवाष्णीचा हात हवा."

कुंदा फडकं खांद्यावर टाकून मागे झाली. जाऊने ओल्या कुंकवात बोट बुडवून बॉनेटच्या मधोमध स्वस्तिक काढायला घेतलं, पण रेघ काही उमटेना. कुंकवाचे थेंब झाले नि घरंगळून गेले. पुन्हा काढलं, पुन्हा तेच.

"अगं बाई! सणासुदीला हा कसला अपशकुन?" सासूबाईंचा चेहराच उतरला.

"अपशकुन कसला, आई?" कुंदा पुढे आली. "वॅक्सवर ओलं काही टिकत नाही."

तिने ताटातलं कुंकू बोटावर घेतलं. ड्रायव्हरच्या बाजूला, बॉनेटच्या कोपऱ्यात तळहाताएवढी जागा तिने मुद्दाम वॅक्सविना सोडली होती. तिथे तिने ठसठशीत स्वस्तिक काढलं आणि खांद्यावरचं फडकं सासूबाईंपुढे धरलं.

"चालत नसेल तर पुसून टाका. पण मग उद्या दवाखान्यात न्यायलाही एखादी सवाष्णच बघा."

फडक्याला कुणी हात लावला नाही.