अकरा सेकंदांचा आवाज

"ही पट्टी पार खाली ओढली तर वेग किती उतरतो?" कुंदनने तिसऱ्यांदा विचारलं.

दुकानदार वैतागला होता, पण गिऱ्हाईक सोडवत नव्हतं. मेनरोडवरच्या त्या दुकानात काचेवर डीजेची दोन यंत्रं मांडलेली होती. दोन्ही घरगुती, नवशिक्यांसाठीची, कॉम्प्युटरला जोडायची. दुकानदाराने त्यांच्या तबकड्या फिरवून दाखवल्या, दिवे लावून दाखवले, एका गाण्यातून दुसऱ्यात अलगद कसं शिरायचं तेही करून दाखवलं. कुंदनने कशाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्याला हवी होती फक्त कडेची ती पट्टी, जी सरकवली की गाणं जलद किंवा सावकाश होतं. छोट्या यंत्राला पट्टीऐवजी बटणं होती. दाबलं की वेग एकेक पायरी उतरायचा.

"घरीच वाजवायचंय ना भाऊ? मग छोटं बास झालं. पट्टी वरातवाल्यांना लागते."

"पायऱ्या नकोत. सावकाश उतरलं पाहिजे," कुंदन म्हणाला आणि त्याने मोठं यंत्र बांधायला सांगितलं.

गाणी त्याला वाजवायचीच नव्हती. मखमलाबादला त्यांच्या मळ्यातल्या घरी एका कॅसेटवर अकरा सेकंदांचा आवाज होता, त्याच्या बापाचा. ब्याण्णव साली सावळीरामने भद्रकालीच्या बाजारातून एक जुना टेपरेकॉर्डर आणला आणि गुलाबाच्या वाफ्यात बसून त्यात बोलून पाहिलं. सेल उतरलेत, हे त्याच्या ध्यानात आलं नाही. उतरलेल्या सेलवर टेप रखडत फिरते, आणि असा रखडत भरलेला आवाज नव्या सेलवर धावत सुटतो. नवे सेल टाकल्यावर सावळीरामचा आवाज आला तो चिरका, घायकुतीचा, एखाद्या पोरीसारखा. घरातले सगळे हसले. तोही हसला आणि पुन्हा नीट भरू म्हणाला. दोन महिन्यांनी विहिरीवरच्या मोटारीचा शॉक लागून तो गेला.

कुंदन तेव्हा चार वर्षांचा होता. बापाचा चेहरा त्याला फोटोमुळे ठाऊक होता, आवाज मात्र एवढाच. गेली सतरा वर्षं तो मानगुटीवर बसला होता. फुलबाजारात झेंडूच्या जाळ्या उतरवताना, आंघोळीला बसल्यावर, कुठेही तो कानात चिरकायचा. "आला का? अगं, आला का माझा आवाज?" आपल्याच बापाचं आपल्याला हसू येतं याची कुंदनला शरम वाटायची. आणि भीतीही वाटायची, कारण असा आवाज कुठल्याही जित्या माणसाचा नसतो. त्याने कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवून घेतली, माउसने वेग कमी करून पाहिला, पण आवाज नुसत्या उड्या मारायचा. आणि खरा आवाज नेमका कुठे आहे हे त्याला कुठे माहीत होतं? सावळीरामला भाऊबहीण नव्हतं, आजी त्याच्या पाठोपाठ गेली. तो आवाज ओळखणारं एकच माणूस उरलं होतं, आणि कॅसेट लागली की ते उठून जायचं.

त्या दुपारी मात्र त्याची आई, ठमाबाई, बसली. पोराने फार गळ घातली होती. मांडीवरचा अर्धा हार तिने बाजूला ठेवला नाही, पण सुई थांबवली. डोळे मीट आणि अण्णांचा आवाज आला की थांब म्हण, एवढंच कुंदनने सांगितलं. अकरा सेकंद पुन्हापुन्हा वाजत राहतील असं केलं आणि पट्टीवर बोट ठेवलं.

पट्टी उतरू लागली. पोरीचा आवाज पोराचा झाला, मग मिसरूड फुटलेल्या मुलाचा. आणखी खाली एक बाप्या माणूस बोलू लागला. कुंदनने जीव कानात आणून ऐकलं. आवाज थोडा नाकातला होता, कोंदट, त्याला तो मुळीच आवडला नाही. हा नसणार, असं म्हणून त्याने पट्टी पुढे ओढली. मग शब्द फाटले आणि नुसती घरघर उरली.

"मागं घे," ठमाबाई म्हणाली. डोळे अजून मिटलेलेच होते.

तो मागे गेला, त्या नाकातल्या आवाजापर्यंत.

"थांब."

"हा? असे बोलायचे अण्णा?"

"तुझाच आवाज हाय हा. तुला नाय कळायचा. आपला आवाज आपल्याला बाहेरून कुठं ऐकू येतो."

कुंदनने यंत्राबरोबर ते शब्द हळूच म्हणून पाहिले. आला का, अगं, आला का माझा आवाज. आईच्या गालावरून पाणी ओघळलं. इतकी वर्षं का नाही सांगितलंस, असं त्याने विचारलं तेव्हा त्यात राग होता.

"सांगितलं असतं तर तू जपून बोलला असतास," ठमाबाई म्हणाली. सुई पुन्हा चालू झाली होती. "बाजारातून आलास की दारातून म्हणतोस, आलो गं. मी ओ देत नाय. मग तू पुन्हा म्हणतोस, आणि तुला वाटतं, म्हातारी बहिरी झाली. पहिल्यांदा म्हणतोस ना, तव्हा ते आलेले असतात. दुसऱ्यांदा म्हणतोस तव्हा तू."

कुंदनने यंत्र बंद केलं. वायर काढून ती नीट गुंडाळली. मग चपला घालून तो मळ्याच्या फाटकापर्यंत गेला, थोडा वेळ तिथे उभा राहिला आणि परत दाराशी आला.

"आलो गं," तो म्हणाला, आणि दुसऱ्यांदा म्हणाला नाही.