सत्ताविसावी चौकट

बाबांनी पेल्याच्या चित्रावर डावं बोट टेकवलं. त्यांच्या थोरल्या लेकीने तो कागद झटकन उचलला आणि त्याच जागी दुसरा ठेवला. त्यावर दोन पेले होते, एक वाफाळता आणि एक बर्फ घातलेला.

समोर तिचा ऑफिसातला सहकारी वही घेऊन बसला होता. प्रोग्रॅम लिहिणारा हा गडी उद्यापासून कोड लिहायला बसायचं म्हणून उतावीळ झालेला. सगळे त्याला गडबड्याच म्हणत. पण थोरलीचा नियम ठाम होता. अ‍ॅप बांधण्याआधी ते कागदावर चालवून बघायचं. प्रत्येक स्क्रीनचा एक कागद, त्यावर पेन्सिलने आखलेल्या चौकटी, आणि फोन म्हणजे ती स्वतः. फोन सुचवत नाही, डोळ्यांनी खुणावत नाही. चौकटीला बोट लागलं तर पुढचा कागद, नाहीतर गप्प.

गप्प बसणं जिवावर येत होतं. आठ महिन्यांपूर्वी अर्धांगाचा झटका आला आणि बाबांची वाचा गेली, वाचणंही गेलं. मान हलायची, पण हो म्हणायलाही तशीच आणि नाही म्हणायलाही तशीच. त्या मानेवर विसंबलं की हटकून फसगत व्हायची, म्हणून हल्ली घरात त्यांना कुणी काही विचारतच नसे. हे अ‍ॅप निघालं होतं ते अशा माणसांसाठी. बाबांनाच ते कळलं नाही तर, ही धास्ती तिला होती.

बाबांनी मागे जाण्याच्या बाणावर बोट ठेवलं. पहिला कागद परत आला. मग उशी, आणि मागे. पंखा, मागे. पोट धरलेला माणूस, मागे.

"गोंधळलेत," गडबड्याने वहीत टिपलं.

"गोंधळले नाहीत. सगळं नीट बघून घेतायत," थोरली म्हणाली, आणि म्हणताम्हणता तिला ते उमगलं. ज्यांना कूस बदलायलाही हात द्यावा लागतो, ते बाबा तिचं काम पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत तपासत होते.

मग त्यांचं बोट चौकटींच्या खाली, मोकळ्या जागेवर टेकलं. तिथे काहीच नव्हतं. फोन नियमाने गप्प राहिला. बाबांनी पुन्हा टेकवलं. मग दोनदा, जोरात.

"इथे काहीतरी हवंय त्यांना," गडबड्या हळूच म्हणाला. त्याची घाई कुठल्या कुठे गेली होती.

थोरलीने आपलाच नियम मोडला आणि पेन्सिल त्यांच्या डाव्या हातात दिली. चौकट वाकडीतिकडी झाली, एक बाजू तर कागदाबाहेर गेली. त्या चौकटीत बाबांनी फुली मारली. हात डावा होता, थरथरत होता; फुली मात्र तीस वर्षं वह्या तपासलेल्या मास्तरांचीच होती.

तीन आठवडे डोकं लावून तिने सव्वीस चौकटी आखल्या होत्या. पाणी हवं, झोप हवी, वारा हवा. माणसाला काही नको असू शकतं, हे तिच्या गावीही नव्हतं. लाज वाटायला हवी होती, पण तिची छाती भरून आली ती निराळ्याच गोष्टीने. एवढे दिवस बाबा आत होते. जागे, शाबूत.

आई शाल घेऊन आली आणि रोजच्यासारखी त्यांच्या गुडघ्यांवर घालू लागली. बाबांचं बोट फुलीवर गेलं.

"नको म्हणतायत, आई."

आईचा हात तिथेच थांबला. "अहो, ही नकोय तुम्हाला? आठ महिने घालतेय मी."

बोट फुलीवरच.

तिने शाल काढून घेतली आणि नवऱ्याकडे टक लावून बघत खुर्ची ओढली. "खिडकी लावू?" फुली. "रेडिओ?" फुली. "उशी सारखी करू?" फुली. तिला हसू आवरेना. एकेक नकार ती बक्षीस मिळाल्यासारखा घेत होती.

"चला, म्हणजे सगळंच नको," डोळे पुसत ती उठली. "मग मी जाऊ?"

बाबांनी फुलीवर बोट टेकवलं आणि ते उचललंच नाही.