बारीक अक्षरांचं पान

कोल्हापुरात खोली घेऊन एकटी राहणारी अनुजा दूध तपासायच्या मशीनची वेबसाइट सांभाळायची. मशीन अडलं की काय करायचं, ते त्या साइटवर सांगितलेलं असे. कॉम्प्युटरवर फोटोंसकट मोठं पान उघडायचं आणि मोबाइलवर नुसत्या मजकुराचं सुटसुटीत पान. पण एका मोबाइलवर रोज सकाळी कॉम्प्युटरचंच पान उघडत असल्याचं तिला साइटच्या नोंदींत दिसलं. मुंगीएवढी अक्षरं कुणी बिचारं कसं वाचत असेल, अशी चुटपुट तिला लागली. दोन दिवस डोकं खाजवल्यावर कळलं, त्या मोबाइलमध्ये 'डेस्कटॉप साइट'वर खूण केलेली होती. तिनं पडद्याची खरी रुंदी बघून पान ठरवायची सोय केली आणि सुटकेचा निःश्वास सोडला.

दुसऱ्याच दिवशी तक्रार आली. 'मशीनजवळ हुबी असलेली पोरगी नव्या पानात दिसत न्हाय. आधीचंच पान लावा.'

फोटोला कुणी मिळेना म्हणून मशीनजवळ अनुजा स्वतःच उभी राहिली होती. तक्रारीखालचा नंबर तिला तोंडपाठ होता. तीन वर्षांपूर्वी ठरलेलं लग्न मोडून तिनं वडिलांचं, आबांचं मलकापूरचं घर सोडलं, तेव्हापासून त्या नंबरवर ना तिनं फोन केला होता, ना तिकडून आला होता.

तिनं जुनं पान परत लावलं आणि नंबर फिरवला.

"पान आता नीट दिसतंय का?" तिनं परक्यासारखं विचारलं.





"पान दिसतंय की," आबा म्हणाले. "तू कवा दिसणार?"